गुहा सातबाऱ्यावर आली, आता करायचं काय?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'बरं का' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन नसेल तर वाचा.)

लोणंदहून बोलतोय. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, स्टेशन जवळ आहे आणि कांद्याचा सीझन आहे, गाड्यांचा आवाज बंद करणं आपल्या हातात नाही.

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू झाला. आपला एक श्रोता आहे, आपल्याच खंडाळा तालुक्यातला. नाव-गाव सांगणार नाही, आणि का सांगणार नाही ते पुढं कळेलच. तो म्हणतो, "दादा, वडिलांनी डोंगराच्या पायथ्याला तीन एकर माळ घेतला. वरच्या बांधाच्या मागं एक कपार आहे. वाकून आत गेलं की पंचवीस-तीस पावलं भुयार लागतं, आत वटवाघळं आहेत. चुलतभावानं रील टाकली. आता दर रविवारी दहा-पंधरा गाड्या येतात. आबा म्हणतात मुरूम टाकून बुजवून टाका, कटकट नको. चुलते म्हणतात तिकीट लावा. वडील म्हणतात वेल्डरला सांगून गेट बसवू. तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणतो यापेक्षा, जगात ज्यांच्या मालकीच्या जमिनीत गुहा निघाल्या त्यांनी काय केलं, कुणाचं जमलं आणि कुणाचं फसलं, हे बघू. बुजवणं, तिकीट आणि गेट, या तिन्ही गोष्टी कुठं ना कुठं करून झाल्यात.

आधी बघा, गुहा आहे कुठली

आपल्याकडं 'गुहा' आणि 'लेणं' हे शब्द सरसकट वापरतात. पण कायद्याच्या दृष्टीनं आणि जपायच्या दृष्टीनंही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेणं म्हणजे माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेलं. आपल्या सातारा जिल्ह्यात ती भरपूर आहेत. शिरवळजवळची बौद्ध लेणी लोणंदपासून फार लांब नाहीत, पण आपल्यापैकी किती जणांनी बघितलीत? वाईजवळ लोहाऱ्याला लेणी आहेत, त्यातल्या एकात आज पालपेश्वर महादेव आहे. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात तर साठाहून जास्त कोरलेल्या खोल्या आहेत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी 1880 साली भारतातल्या लेण्यांवर जे मोठं पुस्तक काढलं, त्यात आपली ही सातारची मंडळी आहेत.

ओळखायचं कसं? भिंतीवर तिरप्या छिन्नीच्या रेघा दिसतात का, कोपरे काटकोनात आहेत का, भिंतीला लागून बसायला-झोपायला दगडी ओटा सोडलाय का, दाराच्या चौकटीसाठी खाचा आहेत का, शेजारी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे का. यातलं एकही दिसलं तर हात लावू नका. साफसफाईसुद्धा नाही. शेंदूर नको, ऑइल पेंट तर नकोच नको.

आणि नैसर्गिक गुहा? आपला डोंगर म्हणजे लाव्हारसाचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक सांडत गेलेले. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल, मऊ मातीचा पट्टा असतो, घाटात रस्ता कापलेला असतो तिथं तो नीट दिसतो. पाणी तो मऊ पट्टा खात जातं आणि वरचा कठीण खडक छतासारखा राहतो, झाली कपार. दुसरा प्रकार लाव्हा-नळीचा. वरून लाव्हा थंड होऊन कडक झाला, आतला पातळ लाव्हा वाहून गेला आणि मागं बोगदा राहिला. महाबळेश्वरजवळची 'रॉबर्स केव्ह' अशीच लाव्हा-नळी असल्याचं भूशास्त्रज्ञांनी मांडलंय. थोडक्यात, यूट्यूबवर चुनखडीच्या गुहांत छताला लोंबणारे ते पांढरे झुंबर दिसतात, ते आपल्याकडं शोधत बसू नका.

मालक कोण?

सातबारा नावावर आहे, म्हणजे जमीन आपली. गुहाही आपली. पण 'आपली' या शब्दाला चार-पाच दोऱ्या बांधलेल्या आहेत.

पहिली दोरी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हा 1948 च्या कूळकायद्यातला नियम. त्यामुळं "आपण दहा मित्र मिळून संस्था काढू आणि गुहा विकत घेऊन वाचवू" असं अमेरिकेसारखं इथं सहज होत नाही. संस्थेला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दुसरी, खनिजांवरचा हक्क महसूल कायद्यानं सरकारचा आहे. जमीन आपली असली तरी आतला दगड फोडून विकायला परवाना लागतो. आपल्या या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कधी कधी झिओलाइटचे स्फटिक निघतात, विहीर खोदताना किंवा खाणीत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर जगभरातल्या संग्रहालयांत जाऊन बसलाय. तुमच्या कपारीत चमकणारं काही दिसलं, तर कुणी अनोळखी माणूस "शंभर रुपये किलोनं घेतो" म्हणाला म्हणून घण उचलू नका. आणि खरोखरचं गुप्तधन निघालं तर? त्यासाठी 1878 चा कायदा आहे, अजून चालू आहे, आणि त्यातली मर्यादा ऐकून हसाल. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं.

तिसरी दोरी सगळ्यात जाड, आणि लोक घाबरतात ती हिलाच. लेणं निघालं आणि ते केंद्रानं 1958 च्या कायद्याखाली संरक्षित जाहीर केलं, की 2010 च्या दुरुस्तीप्रमाणं चारी बाजूंनी शंभर मीटर बांधकाम बंद, आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीशिवाय नाही. गावात ही गोष्ट कुणी ना कुणी ऐकलेली असते. त्यामुळं शेतात काही जुनं निघालं की पहिला विचार येतो, गुपचूप माती टाका. मला हा विचार पटत नाही, पण तो कुठून येतो ते कळतं. तीन एकरच्या मालकाला शंभर मीटर म्हणजे अख्खं रानच गेलं.

पण त्याच कायद्यात एक गोष्ट आहे जी फारशी कुणी सांगत नाही. संरक्षित झालं म्हणजे मालकी गेलीच असं नाही. मालक आणि पुरातत्त्व खातं यांच्यात करार होऊ शकतो. देखभाल कोण करणार, लोकांनी कधी यायचं, मालकानं काय करायचं नाही, हे सगळं त्यात लिहून. सरकार ती जागा विकत घेऊ शकतं, भाड्यानं घेऊ शकतं, दान म्हणून स्वीकारू शकतं. आणि हो, संरक्षित स्मारक बघायला येण्याचा लोकांचा हक्कही कायद्यातच लिहिलाय. म्हणजे नंतर "आमच्या रानात पाय ठेवायचा नाही" म्हणता येत नाही.

कोरीव नसलेल्या, साध्या नैसर्गिक गुहेसाठी मात्र आपल्या देशात वेगळा कायदाच नाही. ती 'पोटखराब्यात' जाते. लागवडीला निरुपयोगी. गंमत बघा, त्या रानातली सगळ्यात जुनी गोष्ट कागदावर 'खराबा' म्हणून लागते.

लास्को: ज्यांनी दार मोठं केलं

आता चुलत्यांच्या तिकिटाकडं येऊ. फ्रान्समध्ये 12 सप्टेंबर 1940 ला मार्सेल राविदा नावाच्या एका तरुणाला आणि त्याच्या मित्रांना लास्कोची गुहा सापडली. आत बैल, घोडे, हरणं, हजारो वर्षांपूर्वी रंगवलेली. ही जमीन सरकारची नव्हती, एका जुन्या सरदार घराण्याची खाजगी जमीन होती. म्हणजे आपल्या श्रोत्याचीच केस, फक्त रील नव्हती.

युद्ध संपलं, आणि 1948 मध्ये गुहा लोकांना खुली झाली. त्यासाठी तोंड मोठं केलं, पायऱ्या केल्या, जमीन खाली खोदली, दिवे लावले. दिवसाला बाराशेपर्यंत माणसं आत जायला लागली. आता विचार करा. हजारो वर्षं बंद असलेली हवा. एक माणूस श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वाफ सोडतो, अंगाची ऊब सोडतो. हे बाराशे वेळा, रोज. काही वर्षांतच भिंतींवर पाणी जमायला लागलं, मग दिव्यांच्या उजेडानं हिरवं शेवाळ, मग पांढरा क्षार. यंत्रं बसवली, तरी भागलं नाही. 1963 मध्ये गुहा बंद केली. पंधरा वर्षं. एवढंच तिचं पर्यटन टिकलं. 1972 मध्ये सरकारनं ती विकत घेतली, 1983 मध्ये शेजारी हुबेहूब नक्कल उभारली, आणि आज लाखो लोक बघतात ती नक्कल. खरी गुहा बंदच. आणि बंद करूनसुद्धा 2001 मध्ये आत बुरशी पसरली. एकदा हवा बिघडली की ती सांभाळत बसावी लागते, पिढ्यान् पिढ्या.

यातून फ्रेंच लोक शिकले. 1994 मध्ये शोव्हे ही आणखी जुनी चित्रगुहा सापडली तेव्हा ती एका दिवसासाठीही पर्यटकांना उघडली नाही. थेट नक्कल बांधली, 2015 मध्ये.

तुम्ही म्हणाल, आमच्या कपारीत कुठं चित्रं आहेत? बरोबर. पण नियम तोच आहे. गुहेला तिची हवा असते. ती कुठून येते, किती थंड आहे, किती ओल आहे, यावर आतलं सगळं उभं असतं. चित्र असो, स्फटिक असो नाहीतर वटवाघूळ.

आतले खरे रहिवासी

तर वटवाघळं. यांच्याबद्दल आपल्याकडं दोनच भावना आहेत, भीती आणि किळस. तिसरी एक आहे, द्राक्षबागायतदारांचा राग. तो सांगली भागात जाऊन ऐका.

2020 च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. काही वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. टीव्हीवर दोन दिवस नुसता कल्ला. मग "गुहा पेटवा", "धूर करा" असले सल्ले व्हॉट्सॲपवर. पण त्या अभ्यासाचा अर्थ 'मारून टाका' असा नव्हता. त्या वेळी महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद नव्हती. अर्थ एवढाच की त्यांच्या घरात शिरू नका, त्यांनी उष्टावलेली फळं खाऊ नका, आणि त्यांना हाताळू नका. धूर केला तर काय होतं? ती घाबरून उडतात, चार गावांत पांगतात, आणि ताणात असलेलं जनावर विषाणू जास्त सोडतं असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणजे पेटवणाऱ्यानं धोका गावात आणला.

विष्ठेचा थरही ध्यानात ठेवा. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडाली तर काही ठिकाणी त्यात फुप्फुसाला त्रास देणारी बुरशी असते. रविवारच्या गाड्यांवरून येणारी पोरं तोंडाला रुमालही न लावता आत जाऊन ओरडतात, प्रतिध्वनी यावा म्हणून. त्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

आणि पिल्लांचं काय? फळं खाणारं आपल्याकडचं गुहेतलं वटवाघूळ वर्षातून दोनदा पिल्लं देतं, साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा पावसाळ्यात. एका वेळी एकच पिल्लू. ते आईच्या पोटाला चिकटलेलं असतं. टॉर्च मारला, फटाका वाजवला, की आया एकदम उडतात आणि पिल्लं खाली पडतात. खाली पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा गेलंच. एका रीलसाठी अर्धी पिढी.

याच संदर्भात बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेची गोष्ट सांगायलाच पाहिजे. खानापूर तालुका, तळेवाडीजवळचं जंगल. तिथं राहतं रॉटनचं वटवाघूळ, मोठे पसरट कान, काळपट अंग, पांढरट कडा. 1913 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, ते वनाधिकारी रॉटन यांच्यावरून. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं अख्ख्या जगात हे वटवाघूळ या एकाच गुहेत माहीत होतं! पुढं कंबोडियात आणि मेघालयात सापडलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. आता तो भाग 2011 पासून भीमगड अभयारण्यात आहे, आणि वन्यजीव कायद्यात या वटवाघळाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, जागा मिळालेली. उलट फळं खाणारी वटवाघळं 2022 च्या दुरुस्तीपर्यंत त्याच कायद्यात उंदीर-कावळ्यांसोबत 'उपद्रवी' म्हणून होती. एकाच गुहेत दोन शेजारी लटकलेले, एकाला वाघाचा मान, दुसऱ्याला उंदराचा.

मला हे सांगायचंय की तुमच्या कपारीत कोण राहतं हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. ते कळेपर्यंत कुठलाच निर्णय घेऊ नये, ना मुरमाचा, ना गेटचा.

गेट: वडिलांचा पर्याय

ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो, आणि सगळ्यात जास्त घोटाळे यातच झालेत.

अमेरिकेत इंडियाना राज्यात वायंडॉट नावाची गुहा आहे. गेल्या शतकात तिच्या तोंडाशी दगडी बांधकाम करून दार बसवलं. हेतू चांगला होता. पण बांधकामानं हवेचं येणं-जाणं अडलं, आतली हवा गरम झाली, आणि थंडीत तिथं झोपणारी वटवाघळं कमी होत गेली. पुढं ते काढून मोकळ्या आडव्या गजांचं दार बसवलं, तेव्हा संख्या पुन्हा चढली.

त्यातून तिकडं एक माप ठरलंय. गज आडवे, दोन गजांत साधारण पावणेसहा इंचाचं अंतर. त्यातून लहान वटवाघूळ सहज जातं, माणूस जात नाही. उभे गज जवळजवळ लावायचे नाहीत, खाली भिंत बांधायची नाही, पत्रा तर नाहीच. पण हे माप तिकडच्या लहान, कीटक खाणाऱ्या वटवाघळांसाठी. लांब-अरुंद पंखांची, वेगानं उडणारी जी वटवाघळं असतात, ती गजांतून वळून वळून जाऊ शकत नाहीत. त्यांच्या मोठ्या वसाहतीला गेट म्हणजे फास. रॉटनचं वटवाघूळ याच घराण्यातलं.

म्हणून आपल्या वेल्डरकाकांनी खिडकीची जाळी करतात तशी चौकट करून कपारीला ठोकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीला लटकलेली मेलेली वटवाघळं मोजायची वेळ येईल. खर्च वेगळाच.

मग माणसं अडवायची कशी? गुहेच्या तोंडाशी न अडवता लांब अडवा. वाट जिथं रस्त्याला मिळते तिथं. बांधावर काटेरी शिंदाडीचा नाहीतर करवंदीचा कुडाण, वाट मोडून टाकायची, गाड्या लावायला जागाच ठेवायची नाही. पन्नास टक्के रविवारवाले गाडी लावायला सावली नाही म्हटल्यावर परत फिरतात. अजिंठ्यालाही हाच नियम वेगळ्या पद्धतीनं चालतो. खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात, पुढं एसटीच्या बसनं जायचं. धूर आणि गर्दी दोन्ही लेण्यांपासून चार किलोमीटर लांब.

कुंपणाबद्दल मात्र कासचा धडा लक्षात ठेवा. आपल्याच जिल्ह्यातलं कास पठार, 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, आसपासच्या गावांची समिती. चांगली घडी बसली. पण पठाराला तारेची जाळी मारली, जनावरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड सुरू झाली. शेवटी जाळी काढायची वेळ आली. जागा जपायची म्हणजे तिला कोंडायची असं दर वेळी नसतं.

तिकिटाचं गणित

चुलत्यांवर रागावू नका. माळरानात तीन एकर घेतलेल्या माणसानं पैशाचा विचार केला तर त्यात वाईट काही नाही. मेघालयात बऱ्याच गुहा कुळांच्या आणि गावांच्या मालकीच्या आहेत, आणि मॉस्माईसारखी गुहा दिवे लावून, तिकीट लावून दाखवतात. एक गुहा लोकांसाठी सोडायची आणि बाकीच्या शांत ठेवायच्या, हे धोरण वाईट नाही. पण तिथं मोठ्या गुहा आहेत, शेकड्यानं. आपल्याकडं पंचवीस पावलांची एकच कपार. तिचा बळी दिला की संपलं.

दुसरं म्हणजे जबाबदारी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की मालकानं फुकटात लोकांना रानात फिरू दिलं आणि कुणी पडलं, तर मालकावर सहसा दावा चालत नाही. पैसे घेतले की ते संरक्षण जातं. आपल्याकडं असं फुकटवाल्यांना वाचवणारं वेगळं कवच नाही. त्यात तुम्ही वीस रुपये घेऊन चिठ्ठी फाडली, आणि वरून दगड सुटला किंवा आग्या मोहोळ उठलं, तर पोलिसांसमोर ती चिठ्ठी येणारच. आणि आपल्या जिल्ह्यात कपारीत बिबट्या विसावलेला असणं ही काही कथा-कादंबरीतली गोष्ट राहिलेली नाही.

मग पैसा गुहेतून नाही, गुहेच्या बाहेरून. संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडतात तो देखावा लांबून बसून बघायचा असतो. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळ ब्रॅकन गुहा आहे, दीड कोटीच्या आसपास वटवाघळं, जगातली सगळ्यात मोठी वसाहत. गुहा वटवाघळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या मालकीची. आत कुणालाच सोडत नाहीत. ठरलेल्या संध्याकाळी, ठरलेली माणसं, बाहेर बाकांवर बसतात आणि आकाशात काळा धूर चढावा तशी वटवाघळं निघतात ते बघतात. देखावाही मिळाला, गुहाही राहिली.

या ब्रॅकनची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गुहा विकत घेऊन वर्षं झाली होती, तरी शेजारच्या दीड हजार एकरांवर साडेतीन हजार घरांची वसाहत येणार होती. वटवाघळांच्या उडायच्या वाटेखालीच घरं, दिवे, तक्रारी. 2014 मध्ये संस्था, शहर आणि देणगीदारांनी मिळून दोन कोटी डॉलरहून जास्त मोजून ती शेजारची जमीन घेतली. म्हणजे नुसतं भोक विकत घेऊन भागत नाही, भोकाभोवतीचं रान लागतं. आपल्या श्रोत्याला माझा पहिला प्रश्न हाच आहे. कपारीच्या वर, डोंगराच्या माथ्याला कुणाची जमीन आहे? तिथं उद्या क्रशर आला तर खालच्या गुहेचं काय राहणार?

अमेरिकेच्या आग्नेय भागात तर गुहाच विकत घेणारी संस्था आहे, 1991 पासून. गुहेत उतरणाऱ्या हौशी लोकांनी वर्गणी काढून, हप्त्यानं कर्ज फेडून दीडशेहून जास्त गुहा ताब्यात घेतल्या किंवा भाड्यानं सांभाळल्या. त्यांची पद्धत साधी आहे. आधी अर्ज, मग परवाना, गटात किती माणसं हे ठरलेलं, आणि वटवाघळांच्या मोसमात काही गुहा पूर्ण बंद. 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली आणि त्या रोगानं पुढं लाखो वटवाघळं मेली. तेव्हापासून एका गुहेतले बूट आणि कपडे धुतल्याशिवाय दुसऱ्या गुहेत न्यायचे नाहीत, हा नियम पक्का झाला. गुहा फिरणाऱ्या आपल्या ट्रेकरमंडळींनी हा एवढा नियम आजपासून घेतला तरी पुष्कळ.

आपल्याकडं मालकाला स्वतःहून रान राखायचं असेल तर वन्यजीव कायद्यात 'समुदाय राखीव' अशी तरतूद आहे. खाजगी जमीनसुद्धा त्यात येऊ शकते, मालकानं स्वेच्छेनं पुढं आलं तर. समिती होते, ग्रामपंचायतीची माणसं असतात. पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर मनाला येईल तसा बदलता येत नाही. त्यामुळं घरातल्या सगळ्यांनी बसून, आबांसकट, नीट विचार करूनच.

रील काढा, पिन काढा

हे तुमच्या-माझ्या हातातलं काम. त्या चुलतभावाला सांगा, रील आधी आर्काइव्ह कर. डिलीटच करायला पाहिजे असं नाही, हौस आहे त्याची. गूगल मॅपवर कुणी 'सिक्रेट केव्ह' म्हणून पिन टाकलेली असेल तर 'बदल सुचवा'मध्ये जाऊन खाजगी जागा म्हणून कळवा, घरातल्या पाच जणांनी पाच फोनवरून. ट्रेकिंगच्या ग्रुपवर फोटो आलाच तर मागची टेकडी, मंदिराचा कळस, टॉवर असलं ओळखू येणारं काही दिसत नाही ना ते बघा. म्हणूनच मी सुरुवातीला गाव सांगितलं नाही.

बोर्ड लावायचा तर 'प्रवेश निषिद्ध' एवढंच लिहू नका, त्यानं पोरं जास्तच जातात. 'खाजगी जमीन. आत वटवाघळांची पिल्लं आहेत. विष्ठेची धूळ छातीला लागते.' असं लिहा. खरं कारण वाचून माणूस थबकतो, निदान काही जण तरी. आणि गुराख्यांशी बोला. त्या डोंगरात रोज असतात ते. कोण आलं, कधी आलं, त्यांना तुमच्याआधी कळतं.

आबांसाठी दोन शब्द. मुरूम टाकून तोंड बुजवलं तर आतली वटवाघळं आतच मरतील, वास येईल, आणि संरक्षित जातीचं एक जरी निघालं तर वन खात्याची केस घरावर येईल. लेणं निघालं तर आणखी वेगळी. कटकट टाळायला निघाल आणि कटकट विकत घ्याल. आबा, एक वर्ष थांबा. एक पाऊस, एक उन्हाळा जाऊ दे.

आणि त्या वर्षात करायचं काय, तर मोजायचं. महिन्यातून दोनदा, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी कपारीपासून पंधरा-वीस पावलं लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं. बॅटरी नाही, बोलणं नाही, फोन खिशात. तोंडामागं उजळ आकाश येईल अशी जागा धरली की काळी आकृती नीट दिसते. पहिलं वटवाघूळ किती वाजता निघालं, शेवटचं किती वाजता, दहा-दहाच्या गठ्ठ्यानं किती झाली, ते वहीत लिहायचं. लहान आहेत की मोठी, सरळ निघतात की वळणं घेत, झाडाकडं जातात की उसाकडं. तारीख, पाऊस होता की नाही, त्या दिवशी कुणी आत गेलं होतं की नाही, तेही. सहा महिन्यांची अशी वही घेऊन गेलात तर वटवाघळांचा अभ्यास करणारा कुठलाही प्राध्यापक किंवा वनरक्षक तुम्हाला खुर्ची देऊन बसवेल, कारण अशी नोंद त्यांच्याकडंही बहुतेक नसते.

वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठवा, गावाचं नाव झाकून. पुढचा भाग पुढच्या शुक्रवारी, नीरेच्या पाण्यावर.